चढावरची खुळखुळ

४ नोव्हेंबर

ताई,

पत्र्याच्या डब्यात काचेच्या गोट्या घालून कुणी हलक्या हाताने हलवाव्यात, तसा तो आवाज होता. दिवेलागणीला चढाच्या पायथ्याशी सुरू व्हायचा, वळणावर जरा मोठा व्हायचा आणि आपल्या फाटकाशी येऊन थांबायचा. आई उठून चहाचं आधण ठेवायची. तू हातातलं पुस्तक उपडं ठेवून शेडचं दार उघडायला पळायचीस. आणि मी खिडकीत बसून त्या आवाजाला शब्द लावत राहायचो. शाळेत पाठ केलेली कुठलीही कविता त्या खुळखुळीवर बसायची, वेगळी चाल लावावी लागायचीच नाही. मला तर कितीतरी दिवस वाटायचं की सगळ्याच गाड्या चढावर गातात, बाबांची जरा जास्त सुरात गाते एवढंच.

हे आज आठवायचं कारण असं की मी शेड उघडली आहे.

मागच्या महिन्यात तुझ्या खालच्या मजल्यावरच्या मुलीने फोन जोडून दिला होता, आठवतं ना? मी तुला म्हणालो, थोडे दिवस इकडे राहायला ये. तू ऐकलंस की अंदाजाने ओळखलंस, देव जाणे, पण उत्तर ठणठणीत दिलंस. म्हणालीस, "जिन्यावरून पडले तेव्हापासून मी तिसरा मजला सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. बस नको, टॅक्सी नको. बाबांची गाडी दारात आणलीस तर उतरेन." आणि हसलीस. त्यावर मी काय म्हणालो ते तुला ऐकू आलं नसावं, कारण तू फोन त्या मुलीच्या हातात देऊन टाकलास. मी म्हणालो होतो, "कबूल."

तर ताई, मी कामाला लागलो आहे. टायर नवे, बॅटरी नवी. गॅरेजवाल्याने पेट्रोलची टाकी धुऊन दिली, ब्रेक नीट केले, पण पुढे हात टेकले. म्हणाला, "काका, आमच्याकडे गाडीला कॉम्प्युटर लावायचा आणि तो सांगेल ते करायचं. हे तुमचं डिस्ट्रिब्युटर प्रकरण माझ्या बापाच्या काळातलं." गाडी सुरू होते, पण अडखळते. वर्गात कविता म्हणायला उभं केल्यावर पहिल्या ओळीलाच घसा बसणाऱ्या मुलासारखी.

आता माझा प्रश्न. बॉनेट उघडल्यावर वायरींचा झुपका निघालेलं जे काळं टोपण आहे, त्याच्या कुशीला बशीएवढी चपटी डबी आहे. तिला एक छोटं तोंड आहे, पण तिथे काहीच जोडलेलं नाही. एक रबरी नळी सापडली, ती हातात घेताच तिचा भुगा झाला. नवी आणली. पण कार्बोरेटरच्या अंगाला दोन तोट्या आहेत, एक वर, एक खाली. नळी कुठल्या तोटीला लावू? आणि मुळात ती कशासाठी?

शेजारचे दाताचे डॉक्टर मदतीला येतात. माझी कवळी त्यांनीच केलेली, त्यामुळे माझ्या बोलण्याची जबाबदारी आपल्यावर आहे असं ते मानतात. दात तपासायचा छोटा आरसा आत घालून त्यांनीच ती खालची तोटी शोधली.

तुझा,
भाऊ

११ नोव्हेंबर

कविराज,

पत्र मिळालं. तीन पानं आवाज, अर्धं पान काम. शाळेत तू निबंधही असेच लिहायचास.

आधी हे स्पष्ट करते की फोनवर मी जे बोलले ते तुला गप्प करण्यासाठी. ती गाडी पुन्हा हलेल असं मला वाटलं असतं तर मी दुसरी काही अट घातली असती. मी इथे सुखात आहे. खिडकी आहे, आरामखुर्ची आहे, रेडिओ आहे. मला तो ऐकू येत नाही, पण भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या बाईला सोबत होते म्हणून लावून ठेवते. भाजी वर येते, पत्रं खालची मुलगी कॉलेजला जाताना पेटीत टाकते. आणखी काय लागतं माणसाला?

पण प्रश्न विचारला आहेस. तंत्रनिकेतनात इतकी वर्षं मोटारीचं वर्कशॉप शिकवल्यावर समोर आलेला प्रश्न तसाच सोडायची सवय उरलेली नाही. नीट वाच आणि त्यात यमक शोधू नकोस.

इंजिनात कार्बोरेटरने केलेलं पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण ठिणगीने पेटतं आणि पिस्टनला खाली ढकलतं. पण पेटायला त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. किती आधी, त्याला टायमिंग म्हणतात. सपाट रस्त्यावर गाडी आरामात चाललेली असली की मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं. ओलसर लाकडं कशी आधीच पेटवायला घ्यावी लागतात, तसं. तेव्हा ठिणगी आणखी आधी हवी. चढावर पाय दाबलास की मिश्रण दाट होतं, भराभर जळतं, मग इतकी घाई नको. हा निरोप डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे ठिणगी वाटून देणाऱ्या त्या काळ्या टोपणाला, कोण देणार? ती डबी देते. तिच्यात एक पातळ पडदा आहे. नळीतून हवेची ओढ आली की पडदा मागे सरतो आणि आतली पट्टी फिरवून ठिणगी लवकर पाडतो. ओढ गेली की पट्टी जागेवर.

पडदा फाटलेला नाही ना ते आधी बघ. नवी नळी डबीला लाव, दुसरं टोक तोंडात धरून हवा ओढ आणि जीभ लावून ठेव. जीभ चिकटून राहिली तर डबी चांगली. लगेच सुटली तर कचऱ्यात.

आता तोट्या. इंजिन मंद चालत असताना ओलं बोट लावून बघ. खालची बोट ओढेल. वरची ओढणार नाही, ऍक्सिलरेटर दाबलास तरच ओढेल. आपल्या गाडीला वरची. खालचीला रबरी टोपी घालून बंद कर.

दातांच्या डॉक्टरांना माझा नमस्कार. त्यांना सांग, इंजिनातून काही उपटू नका.

ताई

१९ नोव्हेंबर

ताई, ताई,

गाडी गायली.

पण क्रमाने सांगतो, नाहीतर तू म्हणशील पुन्हा तीन पानं आवाज. तुझं पत्र डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं, मी कामगार. नळीचं टोक तोंडात धरून जी हवा ओढली ती अशी की वरची कवळी सुटली आणि नळीला घट्ट जाऊन बसली. डॉक्टरांनी वाकून ती नीट बघितली. मग म्हणाले, "सर, दोन्हींची परीक्षा झाली. पडदा शाबूत आहे आणि माझं कामही." ती सोडवायला त्यांना त्यांची हत्यारं आणावी लागली. दुसऱ्यांदा कवळी खिशात ठेवून केलं. जीभ अशी धरून ठेवली डबीने, की चौथीत असताना जीभ बर्फाला चिकटवून बसलो होतो ते मला आठवलं. तेव्हा कोमट पाणी ओतून तूच सोडवली होतीस.

मग ओल्या बोटाची परीक्षा. ताई, काय सांगू. एक तोटी थंड, मुकी. आणि दुसरीला बोट लावलं तर तिने ते असं आत ओढून घेतलं, जसं गर्दीत आई बोट धरायची. मी दोनतीनदा उगाच लावून बघितलं. मग नळी जोडली.

इंजिनाचं अडखळणं थांबलं. पण तेवढ्यावर समाधान होईना. बाबा काय करायचे ते मला पक्कं आठवत होतं. डिस्ट्रिब्युटरच्या मुळाशी असलेला नट सैल करायचा, टोपण दोन्ही हातांत धरून डावीउजवीकडे फिरवायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि इंजिन सगळ्यांत हौसेने पळायला लागलं की तिथेच नट आवळायचा. तसंच केलं. माझी मानसुद्धा आपोआप तिरकी झाली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही कविता शिकवताना असेच उभे राहत असाल.

मग गाडी चढाला घातली. पायथ्याशी काही नाही. थोडं वर गेल्यावर, आधी पुसट आणि मग स्वच्छ, खुळ, खुळ, खुळखुळ. तीच. इतक्या वर्षांनी तीच, जशीच्या तशी. मला पुढचा रस्ता दिसेना म्हणून वळणाच्या आधी गाडी थांबवावी लागली. डॉक्टरांनी रुमाल दिला. त्यांच्याकडे नेहमी स्वच्छ रुमाल असतो. फाटकाशी आलो तेव्हा मी सातवीची एक आख्खी कविता म्हणून संपवली होती आणि एकही मात्रा चुकली नव्हती.

आता फक्त रविवार ठरवायचा. तू पिशवी भरून ठेव.

तुझा,
भाऊ

२४ नोव्हेंबर

कविराज,

हे पत्र वाचून होईपर्यंत गाडी सुरू करू नकोस. चढाला तर अजिबात घालू नकोस.

तुझ्या आनंदावर पाणी ओतायची मला हौस नाही. पण ते गाणं नव्हतं रे, दुखणं होतं.

झोपाळ्यावर मूल बसलंय आणि तू मागून धक्का देतो आहेस असं धर. झोका मागे येऊन वळला की धक्का द्यायचा. तो अजून तुझ्याकडे येत असतानाच दिलास तर काय होईल? मनगट दुखेल आणि झोपाळा खडखडेल. ठिणगी फार लवकर पडली की तेच होतं. पिस्टन वर येतोय आणि जाळ त्याला वरून हाणतोय. तोच तो तुझा डब्यातल्या गोट्यांचा आवाज. जास्त दिवस चालवलंस तर पिस्टनला भोक पडतं.

बाबा कानाने टायमिंग लावायचे हे तुझं खरं. त्यांचा कान बाजाच्या पेटीवर चांगला होता म्हणून त्यांना वाटायचं, इंजिनावरही चांगला असणार. पण इंजिन जागेवर उभं असताना ज्या ठिकाणी हौसेने पळतं, ते ठिकाण चढाला चालत नाही. तू कॉलेजच्या वसतिगृहात गेलास त्याच वर्षी मी पुलीवरची, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाला फिरणाऱ्या चाकावरची, खाच शोधून काढली, तिला खडूने पांढरी केली आणि बाबांना म्हटलं, आता कान बाजूला ठेवा. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडी चढ आवाज न करता चढून आली आणि ते फाटकातूनच हसत आले.

चिडली ती आई. तिला बाबा आलेले कळेनात. दार उघडून एकदम समोर उभे. तिने स्पष्ट सांगितलं, "चोरासारखे येऊ नका, माझं आधण राहतं." तेव्हापासून बाबा वळणावर हॉर्न द्यायचे. दोन आखूड, एक लांब. ते शेवटपर्यंत.

तू विचारशील की सुट्टीत यायचो तेव्हा मला कसं कळलं नाही. बाबा तुला स्टेशनवरून आणायचे आणि तू गाडीत बसल्यापासून बोलत असायचास. गाडी गाते की नाही हे ऐकायला तू गप्प कधी होतास?

माझं म्हणशील तर मला आता कुठलाच आवाज धड येत नाही, म्हणून मी कानावर विसंबत नाही. तूही विसंबू नकोस. गॅरेजवाल्याकडून टायमिंग लाइट माग, म्हणजे प्रत्येक ठिणगीला लुकलुकणारा दिवा. माझ्या कपाटात आहे, पण टपालात फुटेल. त्याची एक वायर पहिल्या प्लगच्या वायरीला लाव, दोन बॅटरीला. इंजिन मंद चालू दे. पुलीवरची खाच पांढरी कर. लाइटचं बटण दाबलंस की फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसेल. इंजिनाच्या अंगावर अंशांच्या रेघा आहेत. खाच आठाच्या रेघेसमोर येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर जरा जरा फिरव आणि नट आवळ. बस.

खालच्या मुलीची परीक्षा आहे, तिला त्रास नको म्हणून हे पत्र टाकायची मी वेगळी सोय केली आहे. कोणती ते विचारू नकोस. गुडघे दुखतायत, पडून लिहितेय म्हणून अक्षर वाकडं आलंय, त्याची काळजी करू नकोस.

पिशवी भरलेली नाही.

ताई

३ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही, हे तुला कळलं नसेल. बाबांवर गेलोय म्हण.

आयुष्यभर ज्याला गाणं समजलो ते इंजिनाचं कण्हणं निघालं. मी त्याच्यावर शाळेत कविता केली होती आणि बक्षीसही घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, त्यांच्याकडेही लोक दाढ दुखायला लागली की सुरुवातीला तिथे जीभ लावून मजा घेतात. हे सांत्वन आहे की धंद्याची माहिती, ते मला ठरवता आलेलं नाही. पण वळणावरचा हॉर्न मला आठवला. मी गाडीत असताना बाबा तो द्यायचे आणि मला वाटायचं, समोरून कोणी येत असेल. तो आईसाठी होता होय.

तिसऱ्या दिवशी उठलो आणि कान बाजूला ठेवले.

ताई, तो टायमिंग लाइट ही काय वस्तू आहे. अंधार पडू लागल्यावर शेडमध्ये लावला. गरगरणारी पुली जागच्या जागी उभी राहिली आणि खडूची पांढरी खाच चंद्राच्या कोरीसारखी दिसायला लागली. मला ती खाच बघताच कळलं. वर्गात सगळ्यांनी मिळून कविता म्हणताना मी नेहमी सांगायचो, ओळ सुरू व्हायच्या जरा आधी श्वास घ्या, नाहीतर पहिला शब्द पडेल. ठिणगीचं तेच की. फार आधी घेतला तर धाप लागते, उशिरा घेतला तर ओळ निसटते. तुला यमक नको होतं, तरी हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

डॉक्टरांनी लाइट धरला, मी फिरवलं. त्यांना हात न हलवता उजेड धरायची सवय आहे. खाच आठाच्या रेघेवर अशी बसली की केस मावणार नाही. फक्त एक लिहायचं राहिलं होतं, ते आता लिहितो. नळी मी खालच्या तोटीला लावली आहे. तू वरची म्हणाली होतीस हे खरं, पण वरचीत काही जीवच नाही, आणि खालची कशी बोट धरून ठेवते. डबीला ओढ हवी असं तूच लिहिलंस, मग जिथे ओढ आहे तिथेच लावावी ना? इंजिन तर लोण्यासारखं चाललंय. उगाच तिला आणखी छेडलं नाही.

गॅरेजवाल्याने ब्रेक पुन्हा तपासून दिले. येत्या रविवारी पहाटे निघतो. मधला मोठा चढ दुपारच्या आत पार होईल. उत्तर पाठवू नकोस, ते पोचायच्या आत मीच पोचेन. तुझ्या खिडकीखाली दोन आखूड, एक लांब देईन. ऐकू येणार नाही तुला, पण तू खिडकीतून बघत असशीलच. खाली उतरताना एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर. त्यांनी रविवारचे सगळे दात सोमवारवर ढकलले आहेत.

पत्र टाकायची वेगळी सोय म्हणजे दूधवाला ना? ओळखलं मी.

तुझा,
भाऊ

८ डिसेंबर, शनिवार

ताई,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा रविवार होऊन गेलेला असेल. खालच्या मुलीला संध्याकाळी फोन करून निरोप देणारच आहे, पण तिच्या तोंडून तुला अर्धवट काही कळण्यापेक्षा मी लिहिलेलं बरं.

मी उद्या येत नाही.

आज सकाळी डॉक्टर म्हणाले, निघायच्या आधी एकदा आपल्या चढावर नेऊन बघू. सपाटीवर गाडी छान होती. चढाला लागलो आणि तिचा जीवच गेला. खुळखुळ नाही, कण्हणं नाही, काहीच नाही. मी पाय दाबतोय आणि ती बसल्या जागी उसासे टाकतेय. वळणापर्यंत आम्ही चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गेलो. एक आजीबाई हातात पिशवी घेऊन आमच्या पुढे निघून गेल्या, जाताना त्यांनी विचारलं की काही मदत हवी का. वळणावर बॉनेटमधून वाफ आली. डॉक्टर उतरून मागच्या चाकाला दगड लावेपर्यंत मी ब्रेकवर उभाच होतो. शेवटी पाण्याच्या टँकरवाल्याने दोर लावून ओढत घरी आणली. टँकरवाल्याने पाणीही दिलं, तेवढंच आज धड झालं.

खाच आठावर आहे, ताई. दोनदा बघितली. तू सांगितलंस ते सगळं केलं, आणि कुठे चुकलं ते मला कळत नाही. आधी मी तिला गायला लावलं तर ते दुखणं होतं, आणि आता दुखणं काढलं तर अंगात त्राणच उरलं नाही. शेड बंद केली आहे. गॅरेजवाल्याचा एक ओळखीचा माणूस जुन्या गाड्या घेतो म्हणे. डॉक्टर माझ्याशी वाद घालत नाहीत, म्हणजे त्यांनाही तसंच वाटत असावं.

मला गाडीचं तितकं वाईट वाटत नाही. गाडी हे तुला त्या जिन्यावरून खाली आणायचं निमित्त होतं. ते निमित्त मी चढावर घालवून बसलो. तू बस नको म्हणालीस, टॅक्सी नको म्हणालीस, आणि एकच रस्ता मोकळा ठेवला होतास. उद्या तू खिडकीत बसशील, खालच्या मुलीने निरोप दिला तरी बसशील, मला माहीत आहे. तू पिशवी भरलेली नाही असं लिहिलंस तेव्हाच मी ओळखलं होतं की ती भरली आहे.

आता यापुढे मीच तुझ्याकडे येत जाईन. बसने. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर चढताना मला धाप लागते, पण

*

वरचं वाक्य पुरं करायची आता गरज नाही. तरीही पुढचं लिहून ठेवतो. तू शेडमध्ये आहेस, डॉक्टर तुला उजेड धरून उभे आहेत, आणि मला तिथून हाकलून दिलं आहे कारण मी फार बोलतो.

"पण" लिहून मी लेखणी टेकवली आणि बाहेर वळणावर हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब.

मला वाटलं, झालं, आता कानही बाजूला ठेवले की आतून वाजायला लागतात. गाडी तर शेडमध्ये होती, मीच कडी लावली होती. मी खुर्चीतून उठलो. खिडकीकडे जायचं सोडून, का कोण जाणे, स्वयंपाकघरात गेलो आणि चहाचं आधण ठेवलं. गॅस पेटवल्यावर मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

फाटकाशी टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. ड्रायव्हर कुणाला तरी मोठ्याने सांगत होता, "आजी, दिला बरं का हॉर्न, तुम्ही सांगितला तसा, ऐकू नाही आला का?" मग पायऱ्यांवर काठी. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. ही चाल मी ओळखत नव्हतो. पण अशा पायऱ्या मोजत उतरायची आणि चढायची कुणीतरी बऱ्याच दिवसांपासून सवय करत असणार, एवढं त्या चालीतून कळत होतं. तुझी वेगळी सोय म्हणजे दूधवाला नव्हता, ताई. पोस्टाच्या पेटीपर्यंत तू स्वतः जात होतीस. गुडघे उगाच दुखत नव्हते.

मी दार उघडलं तर तू.

एका हातात काठी, दुसऱ्या हातात भरलेली पिशवी, आणि पिशवीच्या तोंडातून लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेला टायमिंग लाइट डोकावत होता. दम लागला होता. चष्मा नाकावर घसरला होता. कशी आहेस, कशी आलीस, हे मी विचारायच्या आत तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं सहावीत माझ्या गणिताच्या वहीकडे बघायचीस.

म्हणालीस, "खालच्या तोटीची ओढ गाडी उभी असते तेव्हाच असते. चढ लागला की ती सुटते, आणि ठिणगी मागे पडते. उभ्या गाडीत त्या ओढीसकट तू आठ मोजलेस. चढावर तुझ्याकडे काय उरणार?"

मी म्हणालो की तू तर लाइट लावायचा, खाच बघायची, एवढंच लिहिलं होतंस. ते तू माझ्या ओठांवरून वाचलंस. काठी दाराला टेकवलीस आणि म्हणालीस,

"नळी काढून, तिचं तोंड बंद करून मग टायमिंग बघायचं, हे मी लिहायला विसरले. वरची तोटी असती तर फार फरक पडला नसता म्हणून सुचलंच नाही. तुझं पत्र काल हातात पडलं आणि मी टॅक्सी सांगायला लावली. उत्तर पाठवलं असतं तर ते पोचायच्या आत तू मोठ्या चढावर असतास. आणि फोनवर तू नुसतं हो, हो म्हणाला असतास." मग पिशवी माझ्या हातात दिलीस. "चल. नळी दाखव आधी."

मी म्हणालो, आधी चहा, आधण ठेवलंय.

तू कानामागे हात धरून विचारलंस, "काय ठेवलंयस?"

मी मोठ्याने सांगणार होतो. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांड्याचं झाकण खुळखुळायला लागलं, आणि तुला ते कसं ऐकू आलं कोण जाणे, तू चष्मा वर सारून तिकडे बघितलंस आणि उंबरा ओलांडलास.